हत्ती नसलेलं हत्तीचं बेट

मुंबईच्या बंदरात एक बेट आहे. किनाऱ्याजवळ दगडी हत्ती दिसला म्हणून पोर्तुगीजांनी त्याला हत्तीचं नाव दिलं. पुढे तो हत्ती बेटावरून गेला, नाव मात्र तिथेच राहिलं. आज एलिफंटाला सगळं आहे. लेणी आहेत, लाँच आहे, छोटी गाडी आहे, बाटल्या पळवणारी माकडं आहेत. फक्त एलिफंट नाही.

हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. "अरे, खरंच की!" म्हणतात आणि गप्पा पुढच्या विषयावर जातात. मला मात्र यात गंमत कमी आणि हिशेब जास्त दिसतो. कुणी काय नेलं, काय मागे ठेवलं आणि जे मागे राहिले त्यांना काय मिळालं, असा साधा हिशेब. उत्सुकता ताणून धरायचं कसब माझ्याकडे नाही, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. तो हत्ती परत न्यायला हवा. राणीच्या बागेतून घारापुरीला. आणि तोही लेण्यांपाशी नव्हे, राजबंदर गावात.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. :)

माझं आजोळ उरणचं. त्यामुळे एलिफंटा हा शब्द मी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा ऐकला. घरात सगळे घारापुरीच म्हणायचे. मुंबईकरांना वाटतं की गेटवेवरून लाँच सुटते म्हणजे बेट मुंबईचंच. पण ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येतं, आणि तिथे रीतसर घारापुरी ग्रामपंचायत आहे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं, मिळून हजार-बाराशे माणसं. मासेमारी, थोडी भातशेती, होड्यांची डागडुजी आणि आता मुख्य म्हणजे पर्यटकांवर चालणारी दुकानं. घारापुरी या नावाचा अर्थ कुणी 'अग्रहारपुरी'शी जोडतं, तर कुणी 'घारी' म्हणजे गुरव, त्यांची पुरी असा लावतं. कुठलाही अर्थ घ्या, नाव माणसांच्या वस्तीचं आहे. एलिफंटा हे नाव बाहेरून गलबतातून येणाऱ्या माणसानं लांबून पाहून दिलेलं.

आता त्या हत्तीची हकीगत.

पूर्वी बेटावर उतरायची जागा दक्षिणेकडे, राजबंदरच्या बाजूला होती. तिथून थोड्या अंतरावर एकाच काळ्या दगडात घडवलेला हा हत्ती उभा होता. सुमारे तेरा फूट लांब, सात फूट उंच. त्याच्या पाठीवर आणखी एक लहान प्राणी कोरलेला होता. जुन्या प्रवाशांपैकी कुणाला तो वाघ वाटला, तर कुणाला हत्तीचं पिल्लू. १८१४ मध्ये हत्तीचं डोकं मानेसकट गळून पडलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना तो खाली कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला राणीच्या बागेत आणून ठेवले. १९१४ च्या सुमारास कॅडेल आणि ह्यूवेट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. सांधे स्पष्ट दिसतात. शेजारून पेंग्विन बघायला पोरं धावत जातात आणि त्यांच्यामागून "थांबा रे" करत आईबाप. हत्तीकडे फारसं कुणी बघत नाही.

म्हणजे बघा, ज्याच्यावरून जागतिक वारसास्थळाला नाव मिळालं तो दगड प्राणिसंग्रहालयाच्या वाटेवर उभा आहे. तिथे त्याची निगा नीट राखली जाते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की तो तिथे का आहे? तर त्याला आणखी लांब न्यायचा बेत फसला म्हणून.

आणि गेलेला हत्ती काही एकटा नाही. डिओगो द कूतो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवलंय की लेण्याच्या दारावर एक मोठा शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढला. इथे कुणालाच वाचता येईना, म्हणून पोर्तुगालच्या राजाकडे, तिसऱ्या जॉनकडे पाठवला. त्यानंतर त्या शिलालेखाचा पत्ता लागलेला नाही. एवढं प्रचंड लेणं कुणी कोरलं, कुठल्या राजाच्या काळात, कुठल्या वर्षी, या प्रश्नांवर आज शंभर शोधनिबंध निघतात. त्यांचं उत्तर कदाचित त्या एका दगडावर होतं. पुढे सतराव्या-अठराव्या शतकातल्या प्रवाशांनी बेटावर एक दगडी घोडाही पाहिला होता. तोही नंतर नाहीसा झाला.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शिलालेख काढणारे मूर्तिभंजनासाठी तो काढत नव्हते, त्यांना वाचून घ्यायचा होता. हत्ती उचलणाऱ्यांनाही तो फोडायचा नव्हता, जपायचा होता. वस्तू मोलाची आहे हे ओळखणाऱ्या माणसांनीच ती नेली. बेटावर काय उरलं? जे डोंगरातून सोडवता येत नव्हतं ते. आणि माणसं.

आपल्याकडे घारापुरीची मोडतोड म्हटली की एकच गोष्ट सांगितली जाते. फिरंग्यांनी मूर्तींवर नेमबाजीचा सराव केला. गाइड सांगतात, पुस्तकांत असतं, आमची आजीही सांगायची. त्यात किती खरं आणि किती वाढवलेलं यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण पोर्तुगीजांच्या काळात लेण्यांचं नुकसान झालं यात शंका नाही. तरी या गोष्टीचा एक तोटा आहे. सगळं पाप एका जुन्या, निघून गेलेल्या माणसाच्या माथी मारलं की नंतरच्यांचा हिशेब विचारायचं राहून जातं. त्यात डोंगरातून झिरपणारं पाणी आलं, खारी हवा आली, शतकानुशतकांची आबाळ आली. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला आला तेव्हा याच लेण्यात त्याच्यासाठी मेजवानी झाली होती. महेशमूर्तीसमोर पंगत! याची आठवण मात्र कुणी काढत नाही. गंमत म्हणजे, बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर 'सीताबाईचं देऊळ' म्हणून ओळखलं जाणारं लेणं आहे. तिथे त्याच पोर्तुगीजांनी एके काळी चर्च केलं होतं. म्हणजे एका टेकडीवर नासधूस आणि दुसरीवर प्रार्थना. इतिहास आपल्या सोयीनं चालत नाही, हेच खरं.

आता दंतकथांबद्दल. पुरातत्त्व म्हणजे खरं आणि दंतकथा म्हणजे भाकड, अशी वाटणी आपण शाळेतच शिकतो. घारापुरीच्या बाबतीत मला ती पटत नाही.

आजीच्या गोष्टीत लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. कोंबडा आरवला आणि काम अर्धं राहिलं. (कोकणात आणि सह्याद्रीत अर्धवट राहिलेलं प्रत्येक लेणं पांडवांचं आणि प्रत्येक ठिकाणी कोंबडा वेळेआधी आरवलेला. महाराष्ट्रातल्या कोंबड्यांनी केवढं नुकसान केलंय याची गणतीच नाही.) एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी लोकांना विचारून लिहून घेतलं त्यात पांडव आहेत, बाणासुर आहे, चक्क सिकंदरही आहे. कूतोनं तर त्याच्याही आधी बाणासुराची कथा नोंदवली. राजा बाणासुर आणि त्याची मुलगी उषा. तिच्यासाठी त्यानं हे सगळं बांधलं. आणि त्याच्या राज्यात एकदा इथे सोन्याचा पाऊस पडला.

हसण्यासारखं आहे, मान्य. पण कथेतलं असुर आणि सोनं बाजूला ठेवून पाहा. ती सांगते काय? इथे राजा होता. राजवाडा होता. पैसा होता. नुसतं देऊळ नव्हतं, नगर होतं.

आणि पुरातत्त्व काय सांगतं? मोराबंदरच्या बाजूला, पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. शैव लेण्यांच्या कितीतरी आधीचे. त्याच किनाऱ्यावर भूमध्य समुद्राकडून दारू आणि तेल घेऊन येणाऱ्या मडक्यांची, अँफोरांची, खापरं मिळाली आहेत. पश्चिमी क्षत्रपांची नाणी मिळाली आहेत. मोठं लेणं सहाव्या शतकाच्या मध्याचं मानतात. त्या काळच्या कलचुरी राजा कृष्णराजाची लहान नाणी बेटावर इतक्या संख्येनं सापडली की लेणं कोरणाऱ्यांची मजुरी त्यांतूनच दिली असावी असा तर्क अभ्यासक करतात. मग इसवी सन ६३४ चा ऐहोळेचा शिलालेख आहे. दुसऱ्या पुलकेशीनं शेकडो नौका घेऊन समुद्रातली 'पुरी' जिंकल्याचं त्यात लिहिलंय. ती पुरी म्हणजे घारापुरी की राजपुरी, यावर एकमत नाही. पण ती घारापुरी असू शकते असं म्हणण्याइतका पुरावा बेटाच्या मातीत आहे.

थोडक्यात, स्तूप, बंदर, परदेशी माल, नाणी. नगर होतं.

जुन्या वस्तीच्या किनाऱ्यावर पावसानं माती धुपली की कधी नाणी वर येतात. 'इथे सोन्याचा पाऊस पडला' ही कथा अशाच एखाद्या पावसाळ्यातून निघाली असेल का? हा निव्वळ माझा अंदाज आहे, कुठल्या ग्रंथात शोधायला जाऊ नका. पण एवढं नक्की म्हणता येईल की बेटावर नगर होतं ही आठवण लोकांनी कथेत जपली. शिलालेख गेला, हत्ती गेला, घोडा गेला. कथा तेवढी टिकली, कारण ती उचलून गलबतात भरता येत नव्हती.

उलट आज घारापुरीला जाऊन आलेल्या शंभर जणांना विचारा. नव्वद जणांनी पहिल्या क्रमांकाचं लेणं पाहिलेलं असतं, बस्स. त्यांचा दोष नाही. वाटच तशी आहे. लाँच शेतबंदरच्या धक्क्याला लागते. तिथून छोट्या गाडीनं पायथा, मग दुतर्फा दुकानांतून सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, मग लेणं. महेशमूर्तीपुढे फोटो (तिला 'त्रिमूर्ती' म्हणायची सवय अजून जात नाही, खरं तर तिन्ही मुखं शिवाचीच). मग पायऱ्या उतरून परत. संध्याकाळच्या शेवटच्या लाँचनं सगळे गेटवेला. पर्यटकांना रात्री बेटावर राहता येत नाही. मोराबंदर आणि राजबंदर या वाटेवर येतच नाहीत. स्तूपाच्या टेकडीवर तर चिटपाखरू नसतं.

आणि सोमवारी लेणी बंद. शिवाचं लेणं आणि सुट्टी सोमवारची! सरकारी वेळापत्रकाला विनोदबुद्धी नसते म्हणतात, ते खोटं आहे.

ज्यांना या वाटेवरून परत जायचं नसतं, त्या बाराशे लोकांचं काय? १९८७ मध्ये युनेस्कोनं इथल्या लेण्यांना जागतिक वारसा म्हटलं. बेटावरच्या घरांत तारेनं वीज आली २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून. मधली एकतीस वर्षं संध्याकाळी काही तास जनरेटर, आणि तो बंद झाला की अंधार. समोर मुंबई रात्रभर झगमगायची. दुसऱ्या बाजूला १९८९ पासून न्हावा-शेवा बंदराचे दिवे. मधोमध जगाचा वारसा, काळोखात. माझा मामा म्हणायचा, "घारापुरीच्या पोरांना अभ्यासाला उजेड नाही, पण उजेड कुठेकुठे आहे ते बघायला मोकळं आकाश आहे." तेव्हा विनोद वाटायचा.

संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर परवानगीची कटकट, असा कायदा आहे. स्मारकं वाचायची तर असा कायदा हवाच, मी त्याच्या बाजूची आहे. पण बेट छोटं, वर किनाऱ्याचे नियम वेगळे. मुलाचं लग्न झालं, एक खोली वाढवायची, एवढ्याशा गोष्टीचा इथे प्रश्न होतो. मासेमारीचं म्हणाल तर, २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली आणि सांडलेलं तेल या किनाऱ्यापर्यंत पोहोचलं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ माणसं गेली. आपण ती बातमी दोन-चार दिवस वाचली आणि विसरलो. बेटावरच्या माणसाला मुंबईला जायचं तर दुसऱ्या दिवशीही त्याच पाण्यातून जायचं होतं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. गाडीतून जाताना दक्षिणेला घारापुरी छान दिसते. दिसते एवढंच.

आता येऊ माझ्या हत्तीकडे. तो राजबंदरला परत न्यावा, असं मी दोन-तीन ठिकाणी बोलून पाहिलं. जे आक्षेप आले ते प्रामाणिकपणे मांडते.

पहिला आक्षेप, तो आधीच एकदा फुटलाय, पुन्हा हलवला तर पुन्हा फुटेल. हा आक्षेप मला मान्य आहे. तज्ज्ञांनी तपासावं आणि धोका आहे असं सांगितलं तर विषय संपला. पण १८६४ ची यारी आणि आजचं तंत्र यांत फरक आहे. याहून अवजड मूर्ती आज सात समुद्र पार करून मायदेशी परत येतात. हा प्रवास तर बंदरातल्या बंदरात आहे.

दुसरा, भायखळ्याला लाखो लोक बघतात, बेटावर कोण बघणार? याचं उत्तर वर दिलंय. भायखळ्याला लाखो लोक त्याच्या शेजारून जातात. बेटावर येणारा माणूस त्याच्यासाठीच आलेला असेल. शिवाय, परदेशातल्या संग्रहालयांनी आपल्या मूर्ती परत द्याव्यात असं आपण म्हणतो तेव्हा ते लोकही हेच म्हणतात, "आमच्याकडे बघणारे जास्त आहेत." त्यांचं ते म्हणणं आपल्याला पटत नाही. मग मुंबईनं उरण तालुक्याला तेच सांगावं?

तिसरा आक्षेप मात्र मला बेटावरच ऐकायला मिळाला आणि तो सगळ्यांत जड आहे. पायऱ्यांवर कैरीच्या फोडी आणि चिंचा विकणाऱ्या एका मावशींशी बोलता बोलता मी हत्तीचा विषय काढला. त्यांनी तिखट-मीठ लावता लावता शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हत्ती आनाल तं आना. पन रातची सून अडली, तं तिला काय हत्तीवर बसवून उरनला न्यावाची?"

याला उत्तर नाही. रात्री बेटावर डॉक्टर हवा, बारमाही पाणी हवं, अपघात न होणारी लाँच हवी. हत्ती त्यानंतर. यात मला वाद घालायचाच नाही.

पण 'त्यानंतर' आणि 'त्याऐवजी' यांत फरक आहे. आजवर असं झालंय की मोलाच्या वस्तू एका खात्याकडे, माणसं दुसऱ्या खात्याकडे आणि पर्यटन तिसऱ्याकडे. लेण्यासाठी आलेला रुपया धक्का, गाडी आणि पायऱ्या एवढ्याच रेषेत फिरतो. त्या रेषेवर दुकान नसेल तर तुम्ही वारसास्थळावर राहता याचा अर्थ फक्त एवढाच की तुम्हाला खोली वाढवता येत नाही. हत्ती राजबंदरला उभा राहिला तर माणसाला तो बघायला गावात जावं लागेल. गावात जायला धड वाट लागेल. वाटेवर पाणी, सावली, चहा लागेल. जुनी उतरायची जागा कुठे होती हे सांगणारा माणूस लागेल, आणि तो माणूस गावातलाच असेल. मग कुणाला तरी मोराबंदरचा स्तूपही बघावासा वाटेल. पर्यटकाची पावलं जिथे पडतात तिथे सरकारचंही लक्ष जातं, हे आपण सगळेच जाणतो. मावशींच्या डॉक्टरची वाटही कदाचित त्यातूनच सोपी होईल. होईलच असं नाही. पण आज आहे त्या रेषेतून ती होत नाहीये, हे तर दिसतंच आहे.

आणि पैशापलीकडचीही एक गोष्ट आहे. हजार-दीड हजार वर्षं जे टिकलं ते या बेटावर कुणीतरी राहत होतं म्हणून टिकलं. ओसाड बेटावरच्या लेण्याला कुणी 'सीताबाईचं देऊळ' म्हणत नाही. तिथे दिवा लावणारं, गुरं चारणारं, पोरांना गोष्ट सांगणारं माणूस असावं लागतं. महाशिवरात्रीला आसपासच्या गावांतून लोक होड्या भरून येतात आणि लेण्यातल्या पिंडीवर बेल वाहतात, तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या दृष्टीनं ते स्मारकाला भेट देणारे असतात. त्यांच्या दृष्टीनं ते देवाला आलेले असतात. लेणं दोघांचं आहे. पण कागदोपत्री पहिल्याचीच नोंद होते. बेटावरच्या माणसांकडे आपण स्मारकाला चिकटलेली अडचण म्हणून बघतो. मला वाटतं स्मारकाचे सगळ्यांत जुने राखणदार तेच आहेत. हत्ती परत देणं म्हणजे हे मान्य करणं. तुमच्या दारातून नेलेली वस्तू तुमच्या दारात आणून ठेवणं. एवढा मान आपण शेजाऱ्याच्या उसन्या पातेल्यालाही देतो.

समजा उद्या तज्ज्ञ म्हणाले की दगड हलवणं शक्य नाही, तर? तर निदान भायखळ्याला त्याच्यासमोर ठळक मराठीत लिहावं की हा घारापुरीचा आहे, राजबंदरच्या किनाऱ्यावरचा, आणि त्या बेटावर आजही तीन गावं नांदतात. तिन्ही गावांची नावं लिहावीत. पेंग्विन बघून परतणारं एखादं पोर तरी ती वाचेल आणि विचारेल, "आई, राजबंदर कुठे आहे?"

शेवटी घरच्यांसाठी थोडं. उरणच्या मामा-मावशी मंडळींनो, तुमच्यापैकी काहींचे घारापुरीला सोयरे आहेत. आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवतात. बाणासुराची गोष्ट तुमच्याकडे कशी सांगत? राजबंदरला हत्ती होता, हे जुनी माणसं बोलायची का? कोंबडा नक्की कुणाचा होता? जे आठवेल ते तसंच्या तसं, आपल्या बोलीत लिहून मला पाठवा. शुद्धलेखन मी बघून घेईन, किंवा नाहीच बघणार. दगड उचलून नेणारे नेऊन मोकळे झाले. गोष्टी तरी आपण घालवायला नकोत.